गोष्ट अर्ध्यावर थांबवा: लहान मुलांना गोष्टींतून चांगलं-वाईट कसं उमजतं

गोष्ट संपते, पुस्तक मिटतं आणि मोठ्या माणसाच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप निघतं, "मग, यावरून आपण काय शिकलो?" मूलही तयारीचं असतं. "खोटं बोलू नये," असं एका दमात सांगून मोकळं होतं. आणि थोड्याच वेळात तेच मूल, ओठांना चॉकलेट लागलेलं असताना, "मी नाही खाल्लं" म्हणून शपथेवर सांगतं.

यात मुलाचा दोष नाही आणि गोष्टीचाही नाही. आपण बोध शोधायला जातो गोष्टीच्या शेवटी. तिथे तर सगळं उरकलेलं असतं, वाईटाला शिक्षा आणि चांगल्याला बक्षीस देऊन झालेलं असतं. मुलाच्या डोक्याला खरं काम मिळतं ते मध्यावर, जिथे गोष्टीतलं कुणीतरी पेचात सापडलेलं असतं. दार उघडावं की नको, सांगावं की लपवावं, एकट्यानं खावं की वाटून. म्हणून पुढची सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे: पेच शोधा, तिथे थांबा आणि मुलाला बोलू द्या.

मी कोथरूडमध्ये, आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते. खाली जे लिहिलं आहे ते साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठी मुलं स्वतः वाचतात आणि त्यांना आपली लुडबुड नको असते.

वय बघून अपेक्षा ठेवा

दोन-अडीच वर्षांच्या बाळाला नीतिकथा वाचून दाखवण्याची घाई नको. त्याला 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' मधला टुणूक हवा असतो, तेवढा द्या. तीन-साडेतीनच्या सुमाराला "त्याला रडू का आलं?" हा प्रश्न मुलांना पेलू लागतो. तिथून आपलं काम सुरू.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घेतलेली बरी. स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना दोन छोटे प्रसंग सांगितले होते. एक मुलगा दार उघडतो, दारामागे कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना फडताळातला मुरंबा चोरून काढायला जातो आणि त्यात एक कप फुटतो. जास्त चूक कुणाची? लहान मुलं सर्रास पहिल्याकडे बोट दाखवायची, कारण पंधरा कप फुटले! मोठी मुलं मात्र हेतू बघून निवाडा द्यायची. हे पियाजेंनी १९३२ साली पुस्तकात मांडलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या घेऊन हाच प्रसंग घरी विचारून बघा, उत्तर बहुधा तेच येईल. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला "अरे, पण त्याचा हेतू चांगला होता" हे कळलं नाही, तर ते मूल ढ नाही की निर्दयही नाही. त्याची नजर अजून फुटलेल्या कपांवर आहे, एवढंच. अशा वेळी हेतूवर व्याख्यान देऊ नका. "त्याला माहीत होतं का, मागे कप आहेत ते?" एवढं विचारा आणि पुढे चला.

गोष्ट निवडताना

दुकानात 'बोधकथा', 'संस्कारकथा' असं मुखपृष्ठावर लिहिलेली जाडजूड पुस्तकं मिळतात. एका पानावर एक गोष्ट आणि खाली चौकटीत तात्पर्य. माझं स्पष्ट मत आहे की लहान मुलांसाठी यातली बहुतेक कुचकामी आहेत. एका पानात कुणाला पेचात पाडायला जागाच नसते. लाकूडतोड्या येतो, कुऱ्हाड पाण्यात पडते, देवी येते, संपलं. घरात असं पुस्तक असेलच तर ती चौकट हाताखाली झाका आणि गोष्ट आपल्या शब्दांत फुलवून सांगा.

निवडताना मी मनात तीन प्रश्न ठेवते. यातल्या कुणाला काहीतरी मनापासून हवं आहे का? ते मिळवताना अडचण येते का? आणि त्या अडचणीत त्याला काय करावं ते ठरवावं लागतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर गोष्ट कामाची. मग ती माकडाची असो, राजाची असो की शेजारच्या बंटीची.

प्राणी की माणसं, यावर मात्र थोडं थांबायला हवं. टोरांटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलचं एक चित्रपुस्तक वाचून दाखवलं. काहींच्या पुस्तकात प्राणी होते. काहींच्या पुस्तकात गोष्ट तीच, फक्त प्राण्यांच्या जागी माणसं. नंतर मुलांना आपल्याकडचे स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी ठेवायची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं आधीपेक्षा जास्त उदार झाली, प्राण्यांची गोष्ट ऐकलेली झाली नाहीत. यावरून ससा-कासवाला घराबाहेर काढायचं कारण नाही. मजेसाठी, भाषेसाठी, चतुराईसाठी प्राणी उत्तमच. पण रोजच्या वागण्यातली एखादी नेमकी गोष्ट मनात असेल, झोपाळ्यावर नंबर लावणं किंवा भावाला खेळणं देणं, तर गोष्टीत मुलासारखंच मूल असलेलं बरं.

दुसरा मुद्दा भीतीचा. खरं बोलायला शिकवायचं म्हटलं की आपल्याला हटकून 'लांडगा आला रे आला' आठवते. टोरांटोतल्याच आणखी एका अभ्यासात, २०१४ साली, तीन ते सात वर्षांच्या मुलांना एका खेळात चोरून बघायचा मोह होईल अशी व्यवस्था केली. मग गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, बघितलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेल्या आणि खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या बाहुल्याची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नेहमीइतक्याच थापा मारल्या. फरक पडला तो अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या लहानपणीच्या, चेरीच्या झाडाच्या गोष्टीनं. त्यात मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. ती दंतकथा आहे हा भाग वेगळा. गंमत पुढे आहे. त्याच गोष्टीचा शेवट बदलून त्या मुलाला खोटं बोलायला लावलं आणि शिक्षा दिली, तर तिचाही परिणाम नाहीसा झाला.

याचा सरळ अर्थ मी असा घेते की 'असं केलंस तर असं होईल' यापेक्षा 'असं केलं आणि बरं झालं' हे मुलांना लवकर पोचतं.

आधी स्वतः वाचा आणि खूण करा

ही पायरी हटकून गाळली जाते. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून साडेआठला घरी पोचलेल्या आईबाबांना पुस्तक आधी वाचून ठेवा म्हणणं जरा जास्तच आहे, हे मलाही समजतं. पण चित्रपुस्तक वाचायला चार-पाच मिनिटं लागतात. रविवारी एकदा बसून आठवड्याची दोन पुस्तकं चाळून ठेवा. दोनच. रोज नवं पुस्तक लागत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वाचताना पेच कुठे आहे ते शोधा आणि त्या पानावर पेन्सिलीनं बारीक टिंब करा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर कागदाचा चिटोरा ठेवा. एका गोष्टीत एकच खूण. दोन-तीन ठिकाणी थांबलात की मूल चिडतं, आणि ते चिडणं योग्यच आहे. सिनेमा सारखा थांबवून प्रश्न विचारले तर आपणही उठून जाऊ.

वाचायला बसल्यावर

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मूल मांडीवर किंवा शेजारी, चित्रं त्याला नीट दिसतील असं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी वाचणं जड जातं, पण ऐकणं जड जात नाही, त्यामुळे वाचायचं तुम्हीच. 'परसदार', 'उंबरा', 'सूप' असे शब्द आले की थांबून शब्दकोश उघडू नका. चित्रावर बोट ठेवा आणि पुढे जा. पाचव्यांदा ऐकेपर्यंत अर्थ आपसूक लागतो.

आवाज काढता आले तर उत्तम, नाही आले तरी बिघडत नाही. मात्र गोष्टीतल्या वाईट पात्राला मुद्दाम किळसवाणा आवाज देऊ नका. आवाजातच निकाल लागला की पेच उरत नाही.

खुणेवर थांबणं

इथे एक उदाहरण तपशिलात घेते, कारण सगळी खुबी इथेच आहे. गोष्ट आपल्या सगळ्यांची पाठ, चिऊ-काऊची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दाराशी येतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." पुन्हा तेच. "थांब, बाळाला तीट लावते." पुन्हा. "थांब, बाळाला झोपवते."

ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. पण बारकाईनं बघा, यात बोध नक्की कोणता? पक्कं घर बांधावं? की दारात भिजणाऱ्याला ताटकळत ठेवावं? शेवटही घरोघरी वेगळा. कुठे काऊ आत येऊन चणे खात बसतो, कुठे चुलीपाशी चटका बसून पळतो. तात्पर्य लिहू म्हटलं तर हात अडखळतो. म्हणूनच ती इतकी कामाची आहे.

तिसऱ्या "थांब"नंतर पुस्तक हातात उघडंच ठेवा आणि थांबा. घाईनं प्रश्न टाकू नका. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. पुष्कळदा मूलच बोलतं, "ती दार का नाही उघडत?" नाही बोललं तर विचारा, "काऊ बाहेर काय करत असेल गं आत्ता?" लक्षात घ्या, "चिऊ बरोबर वागली का?" असं विचारलेलं नाही. बरोबर-चूक विचारलं की मूल तुमचा चेहरा वाचायला लागतं. काऊला थंडी वाजतेय का, त्याचे पंख भिजलेत का, हे विचारलं की ते काऊजवळ जाऊन उभं राहतं. मग दुसरी बाजू घ्या. "आणि चिऊ आत एकटीच. बाळ ओलं. काय वाटत असेल तिला?"

आमच्याकडे एका चार वर्षांच्या मुलीनं यावर ठामपणे सांगितलं की चिऊनं दार थोडंसं उघडून टॉवेल बाहेर द्यावा. शेजारचा मुलगा म्हणाला, काऊनं आधी फोन करायला हवा होता. दोघांचा वाद रंगला आणि गोष्ट त्या दिवशी पुढे सरकलीच नाही. मी सरकवलीही नाही. टॉवेल बाहेर देण्याची कल्पना मला तर फारच आवडली. मदतीची हद्द कुठवर, हा मोठमोठ्यांना न सुटलेला प्रश्न तिनं तिच्या मापात सोडवला होता.

प्रश्न विचारताना "हो" किंवा "नाही"त संपणारे टाळा. "तू असतीस तर?" हा प्रश्न चांगला, पण जपून वापरा. लहान मुलं त्यावर आदर्श उत्तर देतात, कारण आपली परीक्षा चालली आहे हे त्यांना लगेच कळतं. "काऊला तू काय सांगशील?" यात मूल मोकळं राहतं.

मूल भलतंच बोललं तर

बोलणारच. "काऊला मारलं पाहिजे." "चिऊनं दार उघडूच नये, तो घाण आहे." अशा वेळी आपला चेहरा पडतो आणि "अरे, असं म्हणू नये" बाहेर येतं. ते तेवढं आवरा. त्याऐवजी, "का रे, काय केलं त्यानं?" असं विचारा. उत्तरातून बहुधा दुसरंच काही निघतं, की आज शाळेत कुणीतरी ढकललं होतं. गोष्टीतल्या काऊच्या आडून मूल ते सांगत असतं.

दोघं मुलं असतील तर मतभेद होऊ द्या. धाकट्याचं मत थोरल्यानं चिरडू नये एवढं मात्र बघा. धाकट्याला आधी बोलू द्यावं.

आणि तुमचं मत? विचारलं तर जरूर सांगा, पण आपलं मत म्हणूनच सांगा. "मला बाई वाटतं, मी दार उघडलं असतं. पण मला काऊची थोडी भीतीही वाटली असती." मोठ्या माणसालाही दोन्ही वाटतं, हे मुलाला ऐकायला मिळतं.

शेवट झाला की गप्प बसा

सगळ्यात अवघड पायरी. पुस्तक मिटल्यावर काही बोलायचं नाही. मूल बोललं तर ऐकायचं. नाही तर दिवा बंद.

घरात आजी असतील तर इथे हमखास पेचप्रसंग उद्भवतो, आणि तो गोष्टीतला नसतो. आजींची गोष्ट रंगते, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रंगते, आणि शेवटी येतं, "म्हणून बाळा, मोठ्यांचं नेहमी ऐकावं." त्यांना मुलासमोर टोकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बोला. "आई, तुम्ही कालची गोष्ट इतकी छान सांगितलीत, तो सकाळी उठल्या उठल्या विचारत होता. आज शेवटचं वाक्य सांगूच नका. बघूया, तो स्वतः काय म्हणतो ते." उत्सुकता आजींनाही असते. आणि एकदा नातवानं स्वतःहून काही अफलातून काढलं की त्या सोसायटीच्या बाकावर चार जणींना सांगतात. मग वेगळं पटवावं लागत नाही.

आई एक शेवट सांगते आणि आजी दुसरा, यानं गोंधळ होईल अशी भीती पुष्कळांना वाटते. उलट ती चैन आहे. "आजीच्या गोष्टीत काऊला चटका बसतो, तुझ्या गोष्टीत का नाही?" असं विचारणारं मूल तुलना करू लागलेलं असतं.

आता ताकीद. गोष्ट टोमण्यासाठी वापरू नका. जेवताना पापड लपवला म्हणून "बघा, आला आमचा काऊ!" असं म्हटलं की ती गोष्ट त्या मुलापुरती संपली. पुढच्या वेळी ते पुस्तक काढाल तर मूल तोंड फिरवेल. प्रसंग आणि गोष्ट यांचा सांधा जोडायचा तो मुलानं. "आई, मी चिऊसारखं केलं ना?" असं ते कधीतरी, भलत्याच वेळी, बसमध्ये किंवा अंघोळीच्या बादलीपाशी विचारतं. तेव्हा "हं, कसं काय?" म्हणायचं आणि ऐकायचं.

तीच गोष्ट पुन्हा

मुलं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात आणि आपण कंटाळतो. मागू द्या. पहिल्यांदा मूल 'पुढे काय' यात गुंतलेलं असतं. ते माहीत झाल्यावर त्याचं लक्ष पात्रांच्या चेहऱ्यांकडे जातं. पहिल्या दोन वेळा खुणेवरही थांबू नका, सरळ वाचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी थांबा.

मग एखाद्या दिवशी मुलाला सांगायला लावा. "आज तू मला सांग." इथे तुम्हाला खरं कळतं की त्याच्यापर्यंत काय पोचलं. मूल एखादा प्रसंग गाळतं, एखादा फुगवून सांगतं. लाकूडतोड्याच्या गोष्टीत सोन्याच्या कुऱ्हाडीचं वर्णन पाच मिनिटं आणि "ही माझी नाही" हे वाक्यच गायब, असं झालं तर समजा, त्याला ती गोष्ट बक्षिसाची वाटली आहे. दुरुस्त करू नका. पुढच्या वाचनात खूण त्या वाक्यावर करा आणि विचारा, "देवीनं काहीच दिलं नसतं तर तो काय म्हणाला असता?" या प्रश्नावर सहा-सात वर्षांची मुलं फार गंभीर होतात. एकानं मला उलट विचारलं होतं, "मग मी पेन्सिल हरवली असं सांगितलं तर मला नवीन मिळेल का?" व्यवहारी पुणेकर!

नाटुकलं करायलाही हरकत नाही. उशीचं घर, ओढणीचा पाऊस. जो काऊच्या बाजूनं भांडत होता त्याला चिऊ करा.

सहा ते आठ वर्षांसाठी जरा वरचं

या वयात नियम आणि चांगुलपणा यांची टक्कर असलेल्या गोष्टी काढा. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी त्यासाठी माझी लाडकी. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. गावाला हुकूम सुटतो, घरात असेल तेवढं सगळं दूध देवळात आणा. लोक धाकानं मुलाबाळांना, वासरांना उपाशी ठेवून दूध ओततात. गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरच्या मुलाबाळांना देते, लेकीसुनांना देते, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध नेते. ते ओतते आणि गाभारा भरतो.

खूण कुठे करायची? म्हातारी घरात उभी आहे, हातात दुधाचं भांडं, बाहेर राजाची दवंडी. तिथे. "आता ती काय करेल? राजानं तर सगळं आणायला सांगितलंय." आज्ञा मोडली का? देवाला कमी दिलं का? वासराला दूध पाजणं हे देवाचं काम की घरचं? मुलं अक्षरशः तावातावानं बोलतात. आणि ही कहाणी घरातच असते, कहाण्यांच्या जुन्या पुस्तकात, आजींच्या देव्हाऱ्याशेजारी. "ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सुफळ संपूर्ण" हा शेवट तेवढा तसाच म्हणा. त्याची लय मुलांना भारी आवडते.

गोष्ट मिळत नसेल तर रचा

हवी ती गोष्ट पुस्तकात सापडली नाही, तर चार वाक्यांचा सांगाडा पुरतो: कोण, त्याला काय हवं, काय अडलं, त्यानं काय केलं. दोन पथ्यं. आपल्या मुलाचं नाव द्यायचं नाही आणि परवाच घडलेला प्रसंग जसाच्या तसा घ्यायचा नाही. मूल लगेच ओळखतं आणि मान खाली घालतं.

नमुना म्हणून ही एक. अकराव्या मजल्यावर राहणारी सहा वर्षांची मुलगी. लिफ्टमधून खाली उतरताना तिला वाटतं, सगळी बटणं एकदम पेटली तर काय दिसतील! ती सगळी बटणं दाबते आणि खाली बाहेर पडते. लिफ्ट वर जाताना प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. तळमजल्यावर सातव्या मजल्यावरच्या आजी भाजीची जड पिशवी घेऊन ताटकळल्या आहेत. वॉचमनकाका म्हणतात, "कुणी केलं हे?" मुलगी खांबामागे उभी आहे. तिनं केलं हे कुणालाच माहीत नाही.

थांबा. इथे मूल जे सांगेल ते सांगू द्या. पुढे नेताना ती मुलगी बाहेर येऊन "मी केलं" म्हणते, काका आधी भुवया चढवतात, मग म्हणतात, "बरं झालं सांगितलंस, नाहीतर मी मेकॅनिकला बोलावलं असतं." आणि ती आजींची पिशवी एका बाजूनं धरते. शिक्षा नाही, ढोलताशेही नाहीत. खरं बोलल्यानं एक अडचण सुटली, एवढंच दिसलं पाहिजे.

पण मग घरातही तसंच घडायला हवं. गोष्टीत काका समजूतदार आणि घरात कबुली दिल्यावर पाठीत धपाटा, तर मूल धपाट्यावर विश्वास ठेवेल. मुलानं आपण होऊन सांगितलं की आधी "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. सांडलेलं पुसायला नंतर लावा, लावाच. आणि वसुलीवाल्याचा फोन आल्यावर "सांग, बाबा घरी नाहीत" असं मुलाकडून वदवून घेणार असाल, तर खरेपणाच्या गोष्टी काही दिवस कपाटात ठेवलेल्या बऱ्या.

जुन्या गोष्टींतलं खटकणारं

सावत्र आई दुष्ट, काळी ती चेटकीण, म्हातारी ती कपटी, राजकन्येचं काम फक्त गोरं असणं. हे सगळं गाळून गोष्ट धुऊन-पुसून सांगावी की तशीच? पाच वर्षांच्या आत गाळा, बिनदिक्कत. लोककथा बदलतच इथवर आल्या आहेत. पुढे तसंच वाचा आणि विचारा, "सगळ्या सावत्र आया अशाच असतात का?" पण ऐकणाऱ्या मुलांत कुणाच्या घरी ती परिस्थिती असेल, तर ती गोष्ट निवडूच नका. गोष्टी काही कमी नाहीत. रक्तपाताच्या गोष्टी झोपताना नकोत, दुपारी चालतील.

पुण्यात पुस्तकं कुठून आणायची

अप्पा बळवंत चौकात मुलाला घेऊनच जा, शक्यतो जूनची गर्दी टाळून. त्या दिवसांत तिथे पाठ्यपुस्तकांपुढे कुणाला काही सुचत नाही. चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी पुस्तकं मागा. शेवटच्या दोघांची स्वस्तही असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. पडद्यावर वाचायची वेळ आलीच, तर इंटरनेट बंद करून वाचा, नाहीतर पेचाच्या पानावरच कार्यालयाचा निरोप टपकतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. ते आठच्या पुढच्यांसाठी, पण त्यातल्या निवडक गोष्टी सात वर्षांच्या मुलांना वाचून दाखवता येतात.

ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलंत तर सगळ्यात उत्तम, कारण तिथे पुस्तक आवडलं नाही तर परत करता येतं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. तुमच्या भागात एखादं छोटं वाचनालय असेल तर आधी तिथे मुलांच्या कपाटाची चौकशी करा. तिथे गेल्यावर दोन पुस्तकांपैकी एक मुलाला निवडू द्या, मग ते भुतांचं असो की डायनासोरचं, आणि ते आधी वाचा. तुम्ही खूण केलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी.